इंटरनेटचे गेलेले दिवस : हळहळ आणि हिशेब

गेलेल्या काळाविषयी हळहळ वाटणे हा मनुष्याचा स्वभावच आहे. आमच्या लहानपणीचे आंबे अधिक गोड होते, मास्तर अधिक कडक होते आणि पाऊस वेळेवर येत असे, असे प्रत्येक पिढी म्हणते आणि पुढची पिढी ते हसून ऐकते. परंतु अलीकडे एक निराळीच हळहळ कानी पडू लागली आहे. ती करणारी माणसे वयोवृद्ध नाहीत. चाळिशी-पन्नाशीतील स्त्रीपुरुष 'पूर्वीचे इंटरनेट आता राहिले नाही' असे म्हणतात. आपल्या देशात सर्वसामान्यांच्या हाती येऊन ज्या साधनाला जेमतेम तीस वर्षे झाली, त्याच्याही नावाने सुस्कारे टाकले जावेत ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ह्या हळहळीत दोन पदार्थ एकत्र मिसळले आहेत असे आम्हांस वाटते. एक म्हणजे स्वतःच्या तारुण्याविषयीची ओढ. तिला उपाय नाही आणि तिच्यावर व्याख्यान देण्याचेही कारण नाही. दुसरा पदार्थ मात्र खरा आहे. सार्वजनिक व्यवहारातून एखादी चांगली चाल नाहीशी झाल्याची ती जाणीव आहे. सुपात धान्य घेऊन पाखडावे त्याप्रमाणे हे दोन वेगळे करून पाहावे, एवढाच ह्या विवेचनाचा हेतू आहे. त्यासाठी आरंभीचे इंटरनेट कोणाचे होते, त्याचा खर्च कोण करी आणि तेथे लोक एकमेकांशी कसे वागत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

घर, यजमान आणि रीत

दोन दूरच्या संगणकांना जोडून पहिला संदेश धाडला गेला तो २९ ऑक्टोबर १९६९ रोजी, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे 'लॉगिन' हा इंग्रजी शब्द पाठवायचा होता. त्यातील 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. ह्या प्रयोगाचा खर्च अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उचलला होता. पुढे १९८६ साली तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने विद्यापीठे जोडणारे जाळे उभारले. त्याचाही खर्च सरकारी होता, आणि व्यापारी उपयोगास त्यावर मनाई होती. ही मनाई ध्यानात ठेवावी. वाचकाने अमुक एक मजकूर अधिक वेळ वाचला म्हणून कोणाच्या गल्ल्यात पैसा पडावा, अशी सोयच त्या काळी नव्हती.

सामान्य संभाषणाचे पहिले मोठे ठिकाण म्हणजे 'यूजनेट'. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस ह्या दोन विद्यार्थ्यांनी त्याची कल्पना काढली. तिची रचना समजून घेण्याजोगी आहे. एका संगणकावर कोणी पत्र लिहिले की तो संगणक दुसऱ्या संगणकाला टेलिफोन लावी, बहुधा रात्री, कारण रात्रीचे दर कमी असत. पत्राची नक्कल दुसऱ्याकडे उतरे, त्याच्याकडून तिसऱ्याकडे जाई, आणि असे करीत ते दूरदूर पोहोचे. विषयवार गट असत. कोणी बुद्धिबळावर बोले, कोणी स्वयंपाकावर, कोणी गणितावर. सगळ्यांचा मिळून कोणी एक मालक नव्हता. मात्र प्रत्येक संगणकाला एक व्यवस्थापक असे, आणि आपल्या घरातील माणसे बाहेर कशी वागतात ह्याची लाज-अब्रू त्याला राखावी लागे.

ह्या मंडळींच्या काही रीती होत्या. नवख्याने काही दिवस नुसते वाचावे, मग बोलावे. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकत्र लिहून ठेवलेली असत, ती पाहिल्यावाचून प्रश्न विचारू नये. दुसऱ्याचे म्हणणे उद्धृत करताना जरुरीपुरतेच करावे. पडद्यावरच्या शब्दांना स्वर नसतो, त्यामुळे विनोदही भांडणाचे कारण होतो, हेही लवकरच ध्यानात आले. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठातील स्कॉट फालमन ह्यांनी सुचविले की, विनोदाने लिहिलेल्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस अशी तीन चिन्हे मांडावीत, म्हणजे आडवा केलेला हसरा चेहरा दिसेल. आज आपल्या दूरध्वनीवर जे शेकडो चेहरे नाचतात त्यांचा हा मूळपुरुष. तो कोणत्याही कंपनीच्या कारखान्यातून निघालेला नाही. एकत्र राहणाऱ्या माणसांनी आपली अडचण ओळखून आपसांत पाडलेली ती एक चाल होती.

दर वर्षी सप्टेंबरात अमेरिकेतील विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत आणि त्यांच्या हाती प्रथमच यूजनेट पडे. महिनाभर गोंधळ माजे. मग जुनी मंडळी त्यांना रीत शिकवीत, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत सारे स्थिरस्थावर होई. १९९३-९४ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन ह्यांसारख्या व्यापारी कंपन्यांनी आपल्या लाखो ग्राहकांना हे दार उघडून दिले. मग नवखे वर्षातून एकदा न येता रोज येऊ लागले. '१९९३ चा सप्टेंबर कधी संपलाच नाही' अशी म्हण तेव्हापासून त्या जगात रूढ झाली.

ह्या म्हणीत नवख्यांविषयी तुच्छता आहे, आणि ती आम्हांस मान्य नाही. परंतु तिच्यात एक समाजशास्त्रीय सत्यही आहे. दिंडीत एखादा नवा वारकरी आला की तो मागच्यापुढच्यांना पाहून पावली शिकतो, अभंग केव्हा उचलायचा ते शिकतो. त्याला वेगळी शाळा लागत नाही. परंतु पन्नास जणांच्या दिंडीत एका सकाळी पाच हजार माणसे शिरली, तर त्यांतील प्रत्येक जण सज्जन असूनही दिंडीची गर्दी होईल. दोष माणसांचा नव्हे. रीत एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाण्यास जो वेळ लागतो, तो मिळाला नाही.

स्वतःचे अंगण

दुसरा टप्पा वेबचा. जिनीव्हाजवळील सर्न ह्या अणुविज्ञान संस्थेत काम करणारे टिम बर्नर्स-ली ह्यांनी मार्च १९८९ मध्ये त्याची योजना मांडली. एका लेखातील शब्दावर बोट ठेवले की दुसऱ्या संगणकावरील दुसरा लेख उघडावा, अशी ती युक्ती होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या कोणतेही शुल्क न घेता सर्व जगास मोकळी करून दिली. त्याच वर्षी इलिनॉय विद्यापीठात 'मोझेक' हे चित्रे दाखविणारे साधन तयार झाले, आणि संगणकशास्त्र न शिकलेला माणूसही स्वतःचे पान मांडू लागला.

ज्यांना स्वतःचा संगणक अहोरात्र चालू ठेवणे परवडत नव्हते, त्यांच्यासाठी १९९४ साली निघालेली 'जिओसिटीज' ही व्यवस्था फार उपयोगी पडली. तेथे फुकट जागा मिळे. गंमत अशी की ती जागा शहराप्रमाणे आळ्यांत वाटलेली होती. तत्त्वज्ञान व शिक्षण ह्यांची आवड असणाऱ्याने 'अथेन्स' आळीत घर घ्यावे, विज्ञानकथांच्या चाहत्याने 'एरिया ५१' मध्ये, मुलांनी 'मंतरलेल्या अरण्यात'. प्रत्येक घराला क्रमांक असे. लुकलुकणारी अक्षरे, भडक रंग, 'काम चालू आहे' अशी पाटी, आलेल्या पाहुण्यांची संख्या दाखविणारा आकडा आणि पाहुण्याने अभिप्राय लिहावा म्हणून ठेवलेली वही, अशी त्या पानांची सजावट होती. समान आवडीची पाने एकमेकांना साखळीने जोडण्याची 'वेबरिंग' ही सोय १९९५ मध्ये सेज वाइल ह्या तरुणाने काढली. एका पानावरून पुढच्यावर जात जात फिरून पहिल्यावर येता येई.

ही पाने सुंदर होती असे कोणी म्हणणार नाही. परंतु अंगणातील रांगोळी वाकडी असली तरी ती त्या घरच्या हातची असते. आणि मुख्य गोष्ट अशी की, वाचक तेथे स्वतः चालत जाई. कोणी माणसाने शिफारस केलेली असे, तिच्या आधाराने तो शोधीत जाई आणि दार ठोठावी. ज्या व्याख्यानमालांना आपण वसंत ऋतूत जातो, त्यांचीही हीच पद्धत आहे. विषय आधी जाहीर होतो, श्रोता आपल्या पायांनी येतो, वक्त्याशेजारी अध्यक्ष बसलेला असतो, आणि व्याख्यान संपले की माणूस घरी जातो. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास ही प्रथा सुरू केली तेव्हापासून तिच्यात हे तिन्ही गुण आहेत : येणे ऐच्छिक, जबाबदार माणूस समोर, आणि कार्यक्रमाला शेवट.

बदल कोठे झाला?

आता बदलाकडे वळू. त्याचे मूळ यंत्रात नसून हिशेबाच्या वहीत आहे. २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' ह्या अमेरिकन संकेतस्थळावर जाहिरातीचे पट्टे झळकले. ३० एप्रिल १९९५ रोजी विज्ञान प्रतिष्ठानाचे सरकारी जाळे बंद करण्यात आले आणि सर्व वाहतूक व्यापारी कंपन्यांकडे गेली. वाचकांना पैसे देण्याची सवय नव्हती. तेव्हा खर्च निघावा कसा, तर जाहिरातींतून, हे ठरून गेले. प्रथम जाहिरातदार विचारी की पाहुणे किती आले. मग विचारू लागला की ते किती वेळ थांबले. शेवटी विचारू लागला की ते कोण आहेत, कोठे राहतात आणि कशाला भुलतात.

ह्या शेवटच्या दोन प्रश्नांनी सारी रचना पालटली. फेसबुकचा आरंभ २००४ सालचा. प्रारंभी तेथेही मित्राची खबर घ्यायची तर त्याच्या पानावर जावे लागे. ५ सप्टेंबर २००६ रोजी कंपनीने सर्व मित्रांच्या हालचाली एकाच प्रवाहात गोळा करून प्रत्येकापुढे मांडण्यास सुरुवात केली. तेव्हा पुष्कळ सभासदांनी निषेध केला, पण प्रवाह राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये 'लाइक'चे बटन आले. त्याच वर्षी ट्विटरवर दुसऱ्याचा मजकूर एका बोटाने पुढे ढकलण्याचे बटन आले. २०१६ मध्ये ट्विटर व इन्स्टाग्राम ह्या दोघांनीही जे आधी लिहिले ते आधी दाखवावे हा साधा क्रम सोडला, आणि कोणते पुढे, कोणते मागे हे यंत्राच्या गणितावर सोपविले.

हे गणित काय करते ते सांगणे कठीण नाही. वाचकाचे बोट कोठे थांबले, कशावर त्याने उत्तर दिले, काय पुढे धाडले, ह्याची ते नोंद ठेवते आणि तशाच जातीचा मजकूर पुन्हा पुढे आणते. मनुष्य कशावर थांबतो? सुंदर वस्तूवर थांबतो, आप्ताच्या छायाचित्रावर थांबतो. पण राग, भीती आणि दुसऱ्याची फजिती ह्यांवर तो खात्रीने थांबतो. यंत्राला ह्यात बरेवाईट कळत नाही. ते थांबणे मोजते. त्यामुळे कोणाच्याही मनात दुष्टावा नसताना भांडण वर येते आणि शांत मजकूर तळाशी जातो. लिहिणाराही हे लवकर ओळखतो, आणि वाचकाला काय सांगावयाचे आहे ह्यापेक्षा आकडा कशाने फुगेल ह्याचा विचार करू लागतो. जिओसिटीजच्या पानावरही पाहुण्यांचा आकडा असे. पण त्याचा आनंद घरमालकापुरता होता, त्यावर बाजार उभा नव्हता.

तेव्हा बदलाचे सार आम्ही असे मांडतो. पूर्वी वाचक मजकुराकडे जात असे. आता मजकूर वाचकाकडे आणला जातो, आणि आणणाऱ्याची मिळकत वाचक किती वेळ खिळून राहतो ह्यावर अवलंबून असते. घराच्या यजमानाची जागा दलालाने घेतली. जे हरवले म्हणून लोक हळहळतात, ते बहुतांशी हेच आहे.

दुसरी बाजू

इतके सांगितल्यावर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहिले पाहिजे. जुने इंटरनेट म्हणजे ऋषींचा आश्रम नव्हता. शिवीगाळ तेथेही होती, आणि तिला वेगळे नाव देण्याइतकी ती नित्याची होती. एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील दोन वकिलांनी अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना मिळवून देण्याची आपली जाहिरात यूजनेटच्या हजारो गटांत एकदम टाकली होती. शिवाय ते जग बहुतेक विद्यापीठांतील, बहुतेक पुरुषांचे आणि जवळजवळ सर्वस्वी इंग्रजी होते. ज्या उंबरठ्याने रीत राखली, त्याच उंबरठ्याने पुष्कळांना बाहेरही ठेवले.

आपली मराठी माणसांची गोष्ट ह्या दृष्टीने विशेष बोलकी आहे. आपल्याकडे १९८६ पासून 'अर्नेट' ह्या जाळ्याने काही शिक्षणसंस्था जोडल्या जाऊ लागल्या होत्या. सर्वांसाठी सेवा सुरू झाली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमातर्फे. ज्यांनी स्वस्तातले खाते घेतले त्यांना पडद्यावर केवळ अक्षरे दिसत, चित्रे नाहीत. आणि ती अक्षरे रोमन असत. संगणकाच्या मूळ इंग्रजी अक्षरतक्त्यात १२८ जागा होत्या, त्यांत देवनागरीला एकही नव्हती. मग मराठी-हिंदी लिहावे कसे? अविनाश चोपडे ह्यांनी रोमन अक्षरांतून भारतीय लिप्या छापण्याची 'आयट्रान्स' ही पद्धत तयार केली, आणि यूजनेटवरील चित्रपटसंगीताच्या रसिकांनी तिचा आधार घेऊन हिंदी गीतांचा मोठा संग्रह अक्षरशः हाताने टाइप करून केला. कोणी पैसे दिले नाहीत, कोणी मागितलेही नाहीत. १९९६ साली परदेशस्थ मराठी माणसांच्या पुढाकाराने 'मायबोली' हे संकेतस्थळ निघाले आणि देशोदेशीची मंडळी तेथे जमू लागली.

पुढे देवनागरी फाँट आले, पण प्रत्येकाची मांडणी निराळी होती. पडद्यावर 'क' दिसे, आत मात्र एखादे रोमन अक्षर साठविलेले असे. तो फाँट नसलेल्या संगणकावर सारा लेख अगम्य होई. युनिकोड ह्या सर्व लिप्यांच्या सामाईक तक्त्यात देवनागरीला १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून स्थान होते. परंतु घरगुती संगणक तो तक्ता ओळखू लागले ते २००० च्या सुमारास. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी सुरू झाला. म्हणजे आपल्या भाषेला इंटरनेटवर स्वतःची अक्षरे लाभली, आणि पाठोपाठ दोन-चार वर्षांत तो प्रवाह सुरू झाला. इंग्रजी वाचकाने ज्या मोकळ्या काळात पंधरा-वीस वर्षे काढली, तो मराठी वाचकाच्या वाट्याला फार थोडा आला.

शिवाय दुसरा एक हिशेब आहे. सप्टेंबर २०१६ पासून आपल्याकडे मोबाइलवरील इंटरनेटचे दर एकदम खाली आले. त्यानंतर जी माणसे आली त्यांत बांधावर उभा राहून बाजारभाव पाहणारा शेतकरी आहे, नातवाचे तोंड पाहणारी आजी आहे, आणि खेड्यातून स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आहे. ही माणसे येण्यापूर्वीचे इंटरनेट चांगले होते असे म्हणणे म्हणजे आपला पाट मांडून झाल्यावर पंगतीचे दार लावून घेण्यासारखे आहे. ती हळहळ आम्ही सुपाबाहेर टाकतो.

काय राखावे?

सुपात काय उरले? जबाबदार यजमान, ओळखीइतका लहान समूह, आपण होऊन जाण्याचे स्वातंत्र्य, आणि आपल्या लिखाणावर आपली मालकी. ह्यांपैकी शेवटच्या गोष्टीकडे फार दुर्लक्ष होत आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक सांगतो.

जानेवारी १९९९ मध्ये याहू कंपनीने साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीस जिओसिटीज विकत घेण्याचे जाहीर केले. २६ ऑक्टोबर २००९ रोजी तिने अमेरिकेतील ती सारी नगरी बंद केली. काही स्वयंसेवक रात्रंदिवस खपले आणि १९९६ पासून वेबची पाने जतन करणारी 'इंटरनेट आर्काइव्ह' ही संस्था होती, म्हणून पुष्कळसा भाग वाचला. ऑर्कुटवर आपल्याकडील कितीतरी तरुणांनी पहिल्या ओळखी केल्या. ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. जुन्या फाँटांत लिहिलेले मराठी लेख आज उघडले तर पुष्कळदा अर्थहीन रोमन अक्षरांची रास दिसते.

येथे कागदाशी तुलना करण्याजोगी आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरे मिळवू शकले, कारण माळ्यावर, फडक्यात, कोणाचेही लक्ष नसताना ती शे-दोनशे वर्षे पडून राहिली होती. कागद दुर्लक्ष सोसतो. वाळवी आणि ओल ह्यांतून वाचला तर तो नुसता पडून राहूनही टिकतो. इंटरनेटवरील मजकुराला हे भाग्य नाही. कोणी तरी दर वर्षी भाडे भरले पाहिजे आणि यंत्र चालू ठेवले पाहिजे. ज्या दिवशी कंपनीला ते फायद्याचे वाटत नाही, त्या दिवशी तो जातो. आज आपल्या घरांतील पाककृती, आजोळच्या आठवणी, गावच्या देवळाची माहिती, दिवंगतांविषयी लिहिलेले चार शब्द हे सारे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले जाते. दूरध्वनी बदलला की त्यातील किती मागे राहते, ह्याचा प्रत्येकाने विचार करावा.

उपाय नाहीत असे नाही. जुन्या इमारतीचा पाया अजून शाबूत आहे. वेबचे नियम आजही सर्वांना मोकळे आहेत. ई-मेल आजही एका कंपनीच्या घरातून दुसरीच्या घरात जाते. २०१३ मध्ये निघालेल्या 'निओसिटीज'वर लोक पुन्हा हाताने पाने मांडीत आहेत, आणि २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'मॅस्टोडॉन'मध्ये अनेक लहान घरे आपापल्या यजमानासह एकमेकांशी जोडलेली आहेत. परंतु नवे साधन न घेताही तीन गोष्टी करता येतील. प्रवाहात जे वाहून येईल ते घेण्याऐवजी आपल्या आवडीची चार ठिकाणे ठरवून तेथे आपण होऊन जावे. जेथे कोणी माणूस नावानिशी व्यवस्था पाहतो, अशा लहान गटांत बोलावे, आणि ती व्यवस्था पाहण्याचे कंटाळवाणे काम कधी स्वतःही पत्करावे. आणि जे जपण्याजोगे लिहिले असेल त्याची युनिकोडमधील एक प्रत आपल्यापाशी व एक छापील प्रत गावच्या ग्रंथालयात ठेवावी. आमच्या नगरवाचनालयांनी अशा प्रतींसाठी एक कपाट राखून ठेवले, तरी पुढच्या राजवाड्यांचे काम पुष्कळ हलके होईल.